मिकोकोनीच्या उधाणाच्या खाचा

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो. खारफुटीच्या लाकडाचा, केनियाच्या किनाऱ्यावर मिकोकोनी गावात पाण्यात रोवलेला. शी नावाच्या कोळ्याने मला होडी बांधून ठेवायला रोवले. वर्षातले सर्वांत मोठे उधाण आले, की पाणी जिथवर चढले तिथे तो माझ्या अंगावर खाच पाडायचा. मला कीड लागू नये म्हणून दरवर्षी शार्कचे तेल चोळायचा. शी गेल्यावर हे काम त्याची लेक म्वानाकोम्बो करू लागली. अशा चौतीस खाचा झाल्या. मधली एखादी खाली उतरली असेल, पण एकंदरीत त्या वरच चढत गेल्या.

पुढे नवी होडी आली, ती दुसऱ्या धक्क्याला लागू लागली. मुले माझ्यावर जाळी वाळत घालत. मला वाटले, आपले दिवस संपले.

त्याच सुमारास बातमी आली, की चीनमधल्या एका कंपनीला इथे कोळशावरचे वीजघर बांधायचे आहे. जळलेल्या कोळशाची राख साठवायचे तळे अगदी किनाऱ्यालगत होणार होते. पाणी चढले असते तर राख थेट मासळीत गेली असती. त्यासाठी कर्ज देणाऱ्या चिनी संस्थेकडून च्यू लान नावाच्या बाई पाहणीला आल्या. कंपनीचा इथला माणूस ओमारी नकाशा उलगडून सांगत होता, की पाणी तळ्यापर्यंत कधीच पोचत नाही.

म्वानाकोम्बो गुडघाभर पाण्यात उतरली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमच्या नकाशातला समुद्र म्हातारा झालाय. आमचा इथे बघा."

ओमारी हसला. "बिबी, ओंडक्याचं ऐकून वीजघर थांबतं होय?"

"ओंडक्याला बढती नको असते, ओमारी. म्हणून तो खोटं बोलत नाही."

च्यूबाईंनी बूट काढले. पाण्यात उतरून त्यांनी माझी एकेक खाच मोजपट्टीने मोजली. दुभाष्याने त्यांचे बोलणे सांगितले, "परक्या देशात बांधतानाही घरच्याइतकीच काळजी घ्यायची आणि हवामान बदलतंय हे धरून चालायचं, असा आमच्याकडे आता नियम आहे. हे मी अहवालातून वगळणार नाही."

वर्षभर कागद फिरले. दोन वेळा माणसे पुन्हा मोजायला आली आणि दोन्ही वेळा आकडे तेच निघाले. अखेर कर्ज नाकारले गेले आणि वीजघराचा बेत बारगळला. त्या दिवशी अख्खे गाव नारळाच्या दुधातला भात घेऊन किनाऱ्यावर जेवले. आधी मला तेल चोळले गेले, मगच पंगत बसली. मित्रांनो, एवढा मान मी कधी पाहिला नव्हता.

समुद्र मात्र थांबलेला नाही. गेल्या उधाणात पाणी माझ्या माथ्याला टेकले. म्वानाकोम्बोने माझ्या शेजारी एक नवा खांब रोवला आहे, माझ्याहून हातभर उंच. मला त्याचा हेवा वाटत नाही. फक्त एवढेच मागतो, की तुमच्या गावातही पाणी, ऊन, वारा यांची नोंद कोणी प्रामाणिकपणे ठेवत असेल, तर त्याला हसू नका. आणि त्या नव्या खांबाच्याही माथ्याला पाणी टेकणार नाही, असे वागा.