मऊ बॅग, वीस किलो

लतिका जानेवारीत गेली. बोट्स्वानाच्या सफारीचं बुकिंग तिने त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये करून ठेवलं होतं. जुलै २००६, आम्हा नवरा-बायकोचं. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं, किंवा झालेलं असलं तरी आम्हाला माहीत नव्हतं.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. कुठे जायचं, कुठे राहायचं हे ठरवणं माझं काम कधीच नव्हतं. मी गाडी चालवायची आणि बॅगा उचलायच्या. मोरेमीचं अभयारण्य लतिकाने शोधलं. अर्धं गवताळ रान, अर्धी दलदल. तिथे पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत. पाऊस वर अंगोलात पडतो आणि पाणी खाली पोचायला चार-पाच महिने लागतात. हे ती भेटेल त्याला सांगायची. आमच्या शेजारच्या अतुलकडच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांनासुद्धा तिने ते सांगितलं होतं.

सफारीवाल्यांच्या ऑफिसात हेलन नावाच्या बाई आहेत. त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार लतिकाच्या मेलवरून चालायचा. फेब्रुवारीत त्यांनी विमानाचे नंबर विचारले. मी लतिकाचं अकाउंट उघडलं, नंबर लिहिले आणि पाठवून दिले. खाली तिचं नाव आपोआप येत होतं. ते पुसायला हवं होतं. मी पुसलं नाही.

मग मार्चमध्ये त्यांनी विम्याचं विचारलं, एप्रिलमध्ये कुठल्या लशी घेतल्या ते. दोन्ही वेळा मी एका ओळीत उत्तर दिलं, खाली लतिका. प्रत्येक मेलची सुरुवात ‘डिअर लतिका’ अशी असायची. खोटं सांगत नाही, मी त्या मेलची वाट बघायला लागलो होतो. तिला अजून कोणीतरी काहीतरी विचारत होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक फॉर्म आला. जंगलातल्या मुक्कामाच्या तळापर्यंत जायला सहा माणसांचं छोटं विमान असतं. त्यासाठी प्रत्येक प्रवाशाचं वजन हवं होतं, आणि सामान मऊ बॅगेत, माणशी वीस किलो, कॅमेरा धरून. पहिल्या ओळीत लतिकाचं नाव छापलेलं होतं. त्यापुढे वजनाची रिकामी चौकट. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

तिचं शेवटचं वजन मला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी करायचे. ते मी लिहू शकत नव्हतो, आणि दुसरं काही लिहिणं म्हणजे सरळ खोटं. तीन महिने मी तिच्याबद्दल काही लिहिलं नव्हतं म्हणून चालून गेलं होतं.

शिकागोला प्रीताला फोन केला. ती आमची एकुलती एक मुलगी, तिथल्या हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर आहे.

“बाबा, यू डोन्ट हॅव टू गो,” ती म्हणाली. “कॅन्सल करा. मी सुट्टी मागते, आपण लेक मिशिगनला जाऊ.”

“तुला सुट्टी मिळणार आहे का?”

“आय कॅन ट्राय.”

“आईने ठरवलं होतं गं.”

“आय नो. पण शी प्लॅन्ड इट फॉर टू.”

ते बरोबरच होतं. फॉर्म तसाच ठेवून मी बॅग भरायला घेतली. जाणार आहे की नाही ते ठरलेलं नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. लतिकाने आणलेली खाकी रंगाची मऊ बॅग, तिची दुर्बीण, माझे कपडे.

आमच्याकडे बॅगेचं वजन बाथरूममधल्या काट्यावर व्हायचं. भारतात जायच्या आधी सगळ्यांकडे तसंच होतं. मी बॅग कवटाळून काट्यावर उभा राहायचो. बॅगेमुळे मला खालचं दिसायचं नाही. लतिका वाकून आकडा वाचायची, माझं वजन मनातल्या मनात वजा करायची आणि म्हणायची, “दोन पौंड जास्त. बदाम काढ.” बावीस वर्षं.

मी बॅग घेऊन काट्यावर चढलो. आकडा दिसेना. मान वाकडी केली तर तोल जायला लागला. बॅग खांद्यावर घेतली तर काटा हलत राहिला. तीनदा केलं. मग बॅग टबात ठेवली आणि टबाच्या काठावर बसून राहिलो.

शेवटी अतुलला फोन केला. तो दोन घरं सोडून राहतो.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“बॅगेचं वजन करायचंय.”

तो पाच मिनिटांत आला, स्लिपर घालूनच. शोभनावहिनींनी डब्यात भरली वांगी दिली होती. मी बॅग घेऊन उभा राहिलो. तो गुडघ्यावर बसला, चष्मा वर केला.

“एकशे ब्याण्णव. तुझं किती?”

“एकशे शहात्तर.”

“म्हणजे सोळा पौंडच? यार, एवढी जड बॅग आणि सोळा? एकदा नुसता उभा राहा बघू.”

मी बॅग खाली ठेवून उभा राहिलो.

“एकशे अठ्ठावन्न,” अतुल म्हणाला. तो लगेच उठला नाही. “जेवतोस की नाही तू?”

“जेवतो.”

“खोटं बोलतोस. मरू दे. चौतीस झाले बॅगेचे. लिमिट किती?”

“चव्वेचाळीस.”

“मग दहा पौंडाला जागा आहे. वहिनींना चिवडा करायला सांगतो,” असं तो त्याच्याच बायकोबद्दल म्हणाला. मग गुडघे धरत उठला. “जातोयस ना?”

मी म्हटलं, “हो.” मला वाटतं ते तेव्हाच ठरलं.

अतुल गेल्यावर फॉर्म उघडला. माझ्या नावापुढे बहात्तर किलो लिहिलं. लतिकाच्या नावावर रेघ मारली. मग माझ्या ऑफिसच्या मेलवरून हेलनबाईंना लिहिलं की लतिका नऊ जानेवारीला वारली, फेब्रुवारीपासून उत्तरं मी देत होतो, माफ करा. मी एकटा येतो आहे. खाली माझं नाव टाईप केलं.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. ‘डिअर शैलेंद्र’ असं सुरू होत होतं. त्यांनी लिहिलं होतं की आधी लतिकाच्या मेल दोन-दोन पानं असायच्या, पक्ष्यांबद्दल वीस प्रश्न असायचे. फेब्रुवारीपासून एकेक ओळ यायला लागली, तेव्हा काहीतरी झालं असावं असं त्यांना वाटलं, पण विचारणं बरं दिसलं नाही.

खाली आणखी एक गोष्ट होती. सप्टेंबरच्या पहिल्याच मेलमध्ये लतिकाने कळवलं होतं की माझ्या नवऱ्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तो कोणाला सांगत नाही, तर जीपमध्ये त्याला अशा जागी बसवा की वाटाड्या त्याच्या डाव्या हाताला येईल. त्यांनी लिहिलं होतं, ती जागा तुमच्यासाठी ठेवली आहे.