वाटणीच्या वेळी पडदा आडवा

मी पडदा. नाटकातला मखमली वगैरे नाही हं, साधा पुठ्ठ्याचा, तीन घड्यांचा. माझी हकीकत ऐकायची असेल तर जरा वाकून ऐका. हल्ली माझ्या उरावर रंगाचे डबे आहेत.

माझा जन्म वॉशिंग मशीनच्या खोक्यातून झाला. मास्तरांनी मला कापलं, घड्या पाडल्या आणि बाहेरून डोंगर, किल्ला अन् एक ड्रॅगन रंगवला. ड्रॅगन जरा बदकासारखा झाला, पण काढला होता मायेनं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दर रविवारी दुपारी चौघं जण एक कल्पनेतला खेळ खेळायला बसत, त्यात गोष्ट सांगायचं काम यांचं, म्हणून मास्तर.

खेळ सोपा आहे. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. मास्तर संकट सांगणार, बाकीचे फासे टाकून त्यातून वाट काढणार. मी टेबलावर मास्तरांपुढे उभा, आणि पुढच्या गुहेत कोण दबा धरून बसलंय ते माझ्याआड लपलेलं. शेवटी ज्यानं त्यानं जे केलं असेल त्याचे अनुभवाचे मणी मिळायचे, लाल काचेचे. मणी साठले की पात्र एक पायरी चढतं आणि नवी विद्या शिकतं.

आमच्या टेबलाची रीत सिस्टरनं घालून दिली. ती इस्पितळात नर्स, खेळात वैदीण. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "राक्षस खुशाल लपवा, मास्तर. पण मणी वाटताना पडदा आडवा. कुणाला का दिला, कुणाला का नाही, तोंडानं सांगायचं. आणि मारणाऱ्याला जेवढे, तेवढेच जखम बांधणाऱ्याला."

"कबूल, अगदी शपथेवर," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून खेळ संपला की ते मला अलगद आडवं करायचे आणि मणी माझ्याच पाठीवर वाटायचे. टक्, टक्. ड्रायव्हरकाका बस चालवून दमलेले असायचे, तरी भांडायचे ते दुसऱ्यासाठी. "अहो, सिस्टरला एक जास्त द्या की!" की लगेच सिस्टर, "वा काका, अन् पूल कोणी धरून ठेवला?" असलं भांडण मी जन्मभर ऐकलं असतं. छाती फुगायची हो माझी!

चौथा गडी मास्तरांचा मेहुणा. रंगाचं दुकान त्याचं, आम्ही बसायचो ती मागची खोलीही त्याचीच. खेळात तलवारबाज. एका रविवारी हे महाशय गडावरच्या लढाईत चक्क घोरत होते, म्हणून एकच मणी मिळाला. झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दाजी, जागा माझी, पंखा माझा आणि मणी यांना?" तो हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. "खोलीत माल ठेवायचा विचार आहे माझा. बघा बुवा."

मास्तर नुसते उरलेले मणी वाटीत भरत राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच सुमारास खेळातल्या एका चेटकिणीनं नजरेनं काकांच्या लढवय्याचा दगड केला. काकांचा फार जीव त्याच्यावर. त्याला त्यांनी आपल्या धाकट्या भावाचा स्वभाव दिला होता, कमी बोलायचं आणि आधी धावायचं. त्याला सोडवायला सिस्टरच्या वैदिणीनं एक पायरी चढणं भाग होतं. पुढच्या रविवारी ती अशी खेळली म्हणता! स्वतःची ढाल टाकून तिनं तलवारबाजाला वाचवलं, तेव्हा कुठे त्याला चेटकीण मारता आली. आज मणी पुरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. काका तर खुर्चीच्या टोकावर येऊन बसले.

मी आडवं व्हायची वाट बघत होतो. मास्तरांनी माझ्या पायाशी फाशांचा डबा टेकवला, मी हलू नये म्हणून.

"मास्तर, पडदा?" सिस्टरनं विचारलं.

"राहू द्या आज. मागे पुढची गुहा मांडलीय."

कसली गुहा! माझ्यामागे मण्यांची वाटी होती आणि मास्तरांचा हात होता. मेहुण्याच्या थैलीत मूठभर गेले, सिस्टरच्या वाट्याला एक. केसानं गळा कापला हो माझा. राक्षस लपवायला जन्माला घातलं आणि लपवून घेतलं हे.

मग हीच रीत पडली. मेहुणा भराभर पायऱ्या चढला. काका तरीही यायचे, सगळ्यांना चहा करायचे. "दगडाला दुसरं काय काम?" म्हणायचे. हसायला कुणालाच यायचं नाही.

शेवटी सिस्टर उभी राहिली. "मला जास्त नकोत, मास्तर. माझं काय चुकतं, तेवढं सांगा. सांगायचं ठरलं होतं ना?"

मास्तरांनी वर पाहिलंच नाही. "पडद्यामागे काय करायचं ते मी ठरवणार," म्हणाले आणि ज्या हातांनी माझ्यावर तो बदकासारखा ड्रॅगन काढला, त्याच हातांनी मला दोन्हीकडून घट्ट धरून ठेवलं. सिस्टरला मला ओढता आलं असतं. तिनं नाही ओढलं. आपली थैली उलटी करून सगळे मणी टेबलावर ठेवले.

"चला, सिस्टर," काका म्हणाले. "माझा गडी दगडच बरा. त्याला निदान हे दिसत नाही."

दोघं गेली ती गेलीच. मेहुणा सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला, पण त्याच्याबरोबर खेळायला कोण उरलं? महिन्याभरात खोलीत माल भरला. जी वाचवायला मास्तरांनी मला विकलं, तीच ही खोली.

तुम्ही कधी असे खेळायला बसलात तर राक्षस लपवा, गुहा लपवा, खजिने लपवा. वाटणीच्या वेळी मात्र पडदा आडवा करा. जखम बांधणाऱ्याचा मणी त्याच्या डोळ्यांदेखत द्या. एवढंच मागणं आहे माझं.

मला आता मास्तरांनी आडवं केलंय, कायमचं. कधी वरचा एखादा डबा सरकतो आणि पाठीवर टक् असा आवाज होतो. अजूनही क्षणभर मला वाटतं, सिस्टरचा मणी पडला.