सात ठिपके

हापशी हवा ओकू लागली ती ब्याण्णवच्या मे महिन्यात. माझी सुजाता सात महिन्यांची, नुकतीच हगवणीतून उठलेली. पाणी मी दोनदा गाळायची, उकळायची, मगच तिला घोटभर पाजायची.

पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं. रेतीत खणलेला खड्डा, तळाशी रात्रभर पाझरून साचलेलं पाणी. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीला मज्जाव होता, तेव्हा बायकांनी हा झिरा शोधला. माझ्या सासूबाई, सोनाबाई, पहाटे पालथ्या पडून तळाला बोटं टेकवत. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर सात ठिपके गोंदलेले. चार बुडाले तर सगळ्यांना पाणी. तीन बुडाले की धुणं बंद. दोनच बुडाले की फक्त लेकुरवाळ्या अन् पोटुश्या. बी.ए.ला मी पर्जन्यमापकाची आकृती काढून मार्क मिळवले होते. हे माप कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी दोनच ठिपके ओले झाले. मी माझ्या वाट्याची घागर भरून बाजूला ठेवली, तेवढ्यात बोथ गावाकडून ठेकेदाराचा ट्रॅक्टर घेऊन दौलत नाल्यात उतरला.

"रेती न्यायची हाय," तो म्हणाला. "तुमच्याच गावच्या टाकीच्या बांधकामाला."

"टाकीत काय भरशीन बे? रेतीच?" सासूबाईंनी विचारलं.

"बोअरचं पाणी, आजी."

"थो बोअर हवा ओकून राह्यला."

त्याने मंजुरीचा कागद काढला. मी वाचला. वीस ट्रॅक्टर रेती.

"यात झिरा कुठाय?"

"खड्डा कागदावर काऊन येईन, ताई?"

रेती गेली की पाणी थांबणार कशात? मी झिऱ्याच्या काठावर बसकण मारली. सुजाताला पदराखाली घेतलं. बाकीच्या बाया येऊन टेकल्या.

दौलत इंजिन चालू ठेवून बसला. आम्ही उठायची वाट बघत. ऊन चढलं. तापल्या लोखंडाचा वास मला आधी आला, मग बॉनेटमधून वाफ निघाली. थोड्या वेळाने तो डबा घेऊन खाली उतरला.

"आजी, रेडिएटरला जरा पाणी..."

सासूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "दोन ठिपक्यांवर हाय आज. तू लेकुरवाळा का पोटुशी?"

बाया खो खो हसल्या. तोही ओशाळून हसला.

मी घागर पुढे सरकवली. ती सुजाताची होती. "हे घ्या. पण ट्रॉली रिकामी न्यायची."

"ठेकेदार मला हाकलंन ना, ताई."

"मग रेती ओता इंजिनात."

त्याने घागरीकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. पाणी ओतून घेतलं. रिकामी ट्रॉली घेऊन जाताना म्हणाला, "उद्या दुसरा कोनी येईन."

"येऊ द्या."

त्या दिवशी सुजाताला मी शेजारणीच्या वाट्यातलं पाणी पाजलं.

दुसऱ्या पहाटे सासूबाईंचा खांदा हलेना. "तू घाल हात," त्या म्हणाल्या.

माझा हात कोरा. सुजाताच्या डबीतलं काजळ घेऊन त्यांच्या हाताला हात लावला आणि मापाने सात ठिपके काढले. पालथी पडले. बोटं तळाला टेकली.

"किती?"

"दोन."

सडकेकडून ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. एक नव्हता, दोन असावेत.

"ऊठ वं," सासूबाई म्हणाल्या.

मी हात काढला नाही.