बंद शिंपा

माझा दीर भूपेश रत्नागिरीला नोकरीला आहे. शहाद्याकडे येणाऱ्या ओळखीच्या गाडीबरोबर त्याने ओल्या गोणपाटात शिनाणे पाठवले. हिरव्या काठाच्या, बोटाएवढ्या समुद्री शिंपा. आमच्याकडे शिंप म्हणजे तापीची, तान्ह्या बाळाला दूध पाजायची. खायची शिंप सासूबाईंनी जन्मात पाहिली नव्हती.

मी प्राणिशास्त्र शिकलेली. माझ्या तीन वर्षांच्या रोशनीला सांगितलं, "या समुद्रातल्या कातळाला धाग्यांनी चिकटून राहतात. ओहोटी लागली की तोंड मिटून, आत पाणी धरून भरतीची वाट बघतात."

"आठे कधी ई भरती?" तिनं विचारलं.

मी हसले. कॉलेजात तास होता. चपला घालता घालता सासूबाईंना म्हणाले, "आत्या, उघडतील त्याच खायच्या हं. बंद राहतील त्या फेकून द्या."

दुपारी परतले तर रोशनी खाटेवर झोपलेली. ती दुपारी कधीच झोपत नाही.

"दोन वाट्या रस्सा पी गयी तुन्ही पोर," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मोरीपाशी बादली होती, बंद शिंपांनी भरलेली.

"शिजवूनही एवढ्या उघडल्या नाहीत?"

"त्या कसाले शिजाडू? आधीच निवाडी टाक्यात. उघडेल रांध्यात, बंद बादलीमा. तूच सांगी गयथी ना! कापूस येचतांना फुटेल बोंडच येचतस. बंद बोंडले कोन हात लावस?"

रांधल्या त्या गोणपाटातच उघडलेल्या, म्हणजे मेलेल्या. 'शिजल्यावर' हा शब्द मी बोललेच नव्हते.

तरी वाटलं, बंद आहेत त्याही प्रवासात मेल्याच असतील, उघड्या-मिटल्यावरून काही ठरत नसेल, माझाच काही गैरसमज असेल. बादलीत पाणी ओतलं, मूठभर खडेमीठ टाकलं आणि उकिडवी बसून राहिले. बराच वेळ काही नाही. मग एक शिंप सूतभर उघडली. मी बोट लावलं. ती घट्ट मिटली. तिच्या शेजारची उघडली. मग पलीकडची. भरती आली असं वाटलं असावं त्यांना.

आतून ओकारीचा आवाज आला.

रोशनीचं कपाळ गार, घामानं ओलं. तिला उचलून मी रस्त्याकडे धावले. सासूबाई अनवाणी मागे.

"चेतना, मन्ह काय चुकनं वं?"

"तुमचं काही नाही, आत्या. रिक्षा थांबवा."