भागूबाईचं नाक

मी नाक बोलतोय. कुणाचं, ते सांगतोच. पण आधी तो वास.

दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. घराखालच्या आमच्या कारखान्यात विजेच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. तिथे भट्टी तापत होती, आणि मला मासळीचा वास आला. अगदी पुसट. मासळीच्या टोपलीचा नव्हे, टोपली उचलून नेल्यावर फरशीवर उरतो तसा. आमच्या घरात मासळी शिजत नाही. शेजारचं दुकान काचेचं. वरच्या मजल्यावर आत्या, आणि तिला मासळीचं नाव काढलं तरी मळमळतं. मग हा वास आला कुठून?

मी ज्या चेहऱ्यावर राहतो, त्या पोरीने मान वळवली. तेवढ्यानेच तिच्या छातीत धडधडायला लागलं. तिचं असंच आहे. कॉलेजात शिकलेली, बोलायला हुशार, पण पाठीमागे चमचा पडला तरी टुणकन उडते. तिचा दादा तिला ‘भागूबाई’ म्हणतो. भित्री भागूबाई, त्यातलं ‘भित्री’ घरात सगळ्यांना पाठ आहे म्हणून गाळून. तिची भीती आणि माझा तोरा एकाच चेहऱ्यावर नांदतात. शेजार म्हणून तसा वाईट नाही.

माझा जन्म तिच्याबरोबरच झाला, पण आत्याच्या मते मी जरा आधी आलो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पाहून ती म्हणाली होती, “अगं बाई, नाक तर आलंय, पोरगी मागून येतेय वाटतं.” मग बाबांकडे वळून, “तुझंच आहे रे हे. दुसऱ्या कुणाला यात जागा ठेवली नाहीस.”

बाबांचं नाक म्हणजे या कारखान्याची पाटी. गिऱ्हाईक जळकी मोटार आणून टाकायचं. बाबा ती उघडायचे नाहीत. नुसते वाकायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि सांगायचे, “पाणी शिरलंय.” किंवा, “झेपेना एवढं ओझं ओढायला लावलंय हिला.” उघडल्यावर तसंच निघायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन यायचं.

त्यांनीच मला शिकवलं. पोरगी लहान असताना ते तिला बाकावर बसवायचे. “डोळे मीट. आता सांग.” मग माझ्यापुढे कधी वार्निशचं झाकण, कधी रबराचा तुकडा, कधी करपलेला कागद. ओळखलं की शेंड्यावर हळूच टिचकी मारायचे. त्या टिचक्यांवर मी वाढलो.

तुम्ही माणसांनी मला कामाला किती लावावं? डोळ्यांना पाणी दिलंत, कानांना कौतुक ऐकायला ठेवलंत, पोटाचे तर किती लाड. आणि अब्रू ठेवायची वेळ आली तेव्हा आणून दिलीत माझ्याकडे. चेहऱ्याच्या मधोमध, उघड्यावर, ना झाकण ना कडी. आत्याला कुणी विचारलं नाही की तिचं नाक कापलं जातं. मी बघतो तर ते जागच्या जागी, वर चष्मासुद्धा. दादा मोटार उशिरा पोचवतो आणि मग गिऱ्हाइकापुढे नाक घासत बसतो. कुणाच्या नाकावर राग बसलेला, कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या. कामं वाढली की सगळ्यांच्या नाकी नऊ येतात, आणि ते नऊ कोण, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी कुरकुर करत नाही. विश्वासाचं माणूस असल्याशिवाय कुणी अब्रू सांभाळायला देत नाही. मला त्याचा अभिमान आहे.

तर तो वास.

मागच्या वर्षीही एक वास आला होता. रबर जळल्याचा. पोरगी घाबरली आणि धावत जाऊन तिने मेनचा खटका पाडला. सगळा कारखाना गप्प झाला, भट्टी थंड पडली. भट्टीमागे दादाची चप्पल वितळत होती, बाकी काही नाही. पण आतल्या मोटारीचं वार्निश अर्धवट भाजलं ते चिकटच राहिलं. सगळी तार उपटून काढून मोटार पुन्हा भरावी लागली. “चपलेसाठी मोटार घालवली,” हे दादाने त्या वर्षभरात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. माझ्या बाजूने एवढंच म्हणतो, की मी रबर म्हटलं आणि रबरच निघालं. वास माझा खरा होता, घाबरणं तिचं. पण तेव्हापासून नियम झाला: भट्टी चालू असताना, बाबांना विचारल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही.

यंदा नवी, मोठी भट्टी आली. ती आत जाताना आत्या जिन्यातूनच म्हणाली, “नाकापेक्षा मोती जड झाला रे. भिंतीवरचा विजेचा बोर्ड तोच ना, आपल्या अण्णांच्या वेळचा?”

“बोर्डाला काय होतंय,” बाबा म्हणाले.

दुसऱ्यांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करता करता आमच्या माणसांना आपला बोर्ड बदलायला सवड झाली नाही. आणि खरं सांगायचं तर, इतर घरांत जळका वास आला की लोक धावतात. आमच्याकडे तो घरचाच माणूस. आला की म्हणतात, चला, काम आलं.

पोरगी आत गेली. “बाबा, कसला तरी वास येतोय.”

बाबा हात पुसत बाहेर आले. भट्टीपाशी थांबून त्यांनी लांब श्वास घेतला. “वार्निश आहे. भट्टी चालू आहे ना.”

“मासळीसारखा येतोय पण.”

“वार्निशच आहे, बाळ.”

तेव्हा मी त्या थोरल्या नाकाकडे नीट लक्ष दिलं. नाकपुड्या फुलल्या, भुवई चढली, सगळं नेहमीसारखं. फक्त आत काही पोचलं नव्हतं. जुना नट रंगमंचावर रुबाबात उभा असावा आणि वाक्य आठवत नसावं, तसं.

सकाळी आत्याकडून दूध करपलं होतं. सगळा जिना त्या वासाने भरला होता. बाबा तो चहा पिऊन म्हणाले होते, “छान झालाय.” मला वाटलं, बहिणीचं मन राखलं. परवा त्यांनी एक मोटार हुंगून “पाणी शिरलंय” म्हटलं, तेव्हा तिच्या बुडाशी गंजाचे ओघळ होते. पोरीला ते दिसले होते. म्हणजे बाबांनाही दिसलेच असणार.

तिला आणि मला एकदमच कळलं. बाबांना वास येत नव्हता. जन्मभर वार्निशच्या वाफेत काढलेलं ते नाक कधी गेलं, कोण जाणे. आणि या माणसाने घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं.

बाबा परत आत गेले, कारण बाहेर पंपवाले येऊन बसले होते. एका मोठ्या इमारतीचा पंप सांभाळतात, म्हणून पंपवाले. त्यांचीच मोटार भट्टीत भाजत होती आणि त्यांच्याच दुसऱ्या मोटारीची कॉइल आत बाबा भरत होते. स्टूल आतल्या खोलीच्या दरवाजाच्या मधोमध ओढून ते म्हणाले, “घेतल्याशिवाय हलत नाही बरं का. नळाला थेंब नाही. अख्खी इमारत माझ्या नावाने बोटं मोडतेय.” मग पोरीला, कौतुकाने, “चार ठिकाणी फिरलो गं. सगळे म्हणाले, उघडून बघावी लागेल. तुझ्या बाबांनी नुसती हुंगली. असं नाक पंचक्रोशीत नाही.”

पोरगी कशीबशी हसली. कोपऱ्यात जाऊन तिने दादाला फोन लावला.

“दादा, बोर्डाजवळ वास येतोय.”

“कसला?”

“मासळीचा.”

“मग मांजराला विचार ना, मला काय विचारतेस? आणि मेनला हात लावलास तर उरलेली चप्पल तुझ्या डोक्यात घालीन.”

“दादा, खरंच येतोय.”

“प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नकोस, भागूबाई. बाबा आहेत ना तिथे? त्यांना आला असता की नाही?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं.

तिने फोन ठेवला आणि ती बोर्डाकडे निघाली. नाकासमोर चालणं म्हणतात ते अक्षरशः असं: मी पुढे, ती मागे. पावलागणिक वास घट्ट होत गेला. मासळी मागे पडली, कडवट काहीतरी घशात उतरलं. बोर्डाच्या काळ्या झाकणाला तिने बोटं लावली आणि झटक्यात मागे घेतली. चांगलंच तापलं होतं. जुनं झाकण आतून करपायला लागलं की आधी असाच मासळीचा वास मारतं. बोर्डाच्या खाली, नेहमीच्या जागी, थिनरचे डबे.

आज मी हे सांगायला माझ्या जागेवर आहे, शेंडा शाबूत आहे, यावरून काय ते समजा. तरी एक मागणं आत्ताच मागून घेतो, मग सुचायचं नाही. घरातल्या घाबरट माणसाला हसा, खुशाल हसा. पण ते कशाला घाबरलंय, हे एकदा जाऊन बघत जा.

मेन आतल्या खोलीत होता, बाबांच्या पाठीमागच्या भिंतीवर. बाबा यंत्रावर बसले होते. एका हाताने चाक फिरत होतं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सरकत होती, आणि ओठ हलत होते. वेढे मोजत होते. आमच्या धंद्यात वेढे मोजणाऱ्याला हाक मारत नाहीत. मारली तर तो ओ देत नाही, फक्त बोट वर करतो: थांब. एक वेढा चुकला की कॉइल गेली. आजोबा, म्हणजे आत्याचे अण्णा, मोजत असताना बाबांचा जन्म झाल्याचं सांगायला माणूस आला होता, तर त्यालाही बोटच दाखवलं होतं म्हणे.

“बाबा.”

बोट वर आलं.

“मोजताना हाक मारू नये गं,” पंपवाले स्टुलावरून म्हणाले. “कारखान्यातली पोर ना तू?”

“बाबा, ऐका ना.” आता भीतीने तिचा आवाज माझ्यातून यायला लागला होता. बोट पुन्हा वर आलं आणि तारेवर परत गेलं.

तुम्हाला वास येत नाही. चारच शब्द, तिच्या जिभेवर आलेले. ते ऐकून बाबा ताडकन उठले असते. मीही तिला म्हटलं, बोलून टाक, डबे पेटल्यावर कसली आलीय अब्रू? पण दोघांच्या मधे पंपवाले बसले होते, असं नाक पंचक्रोशीत नाही म्हणणारे. तिने त्यांच्याकडे पाहिलं. शेंडा गार पडला होता, आणि तरी या पोरीने ते चार शब्द गिळले. तोरा आजवर माझा एकट्याचा आहे असं मी समजत होतो.

धूर आता दिसायला लागला, केसाएवढा. तिने मनगटाने मला दाबून धरलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे खोटं नाही. ती ओरडली मात्र नाही. लहानपणी बाकावरून सांगायची, तसं सांगितलं.

“बाबा, बोर्ड तापलाय. वास मी घेतलाय, तुम्ही शिकवला तसा, डोळे मिटून. तुम्ही नुसता हात लावून बघायला या.”

आत चाक फिरत होतं. ओठ हलत होते. बोट पुन्हा वर यायला निघालं आणि अर्ध्यातच थांबलं.

मग चाक थांबलं. ताणलेली तार सैल पडल्याचा बारीक आवाज झाला. मोजणी गेली, कॉइल गेली. पाठोपाठ खटका पडला. पंखा मंदावला, भट्टीवरचा लाल दिवा विझला. बाबांनी बोर्डाला हात लावून बघितलंच नव्हतं. पंपवाले स्टुलावरून अर्धे उठले. या कारखान्यात वेढे मोजताना आजवर कुणी कुणाला ओ दिली नव्हती.

“ओ,” बाबा म्हणाले. “मेन पाडलाय गं. तू मागे हो, आलोच मी.”