हवा मागणारी घंटी

तुम्हाला शांतता हवी होती. तिच्यासाठी तुम्ही माझी जीभ बांधलीत, आणि त्यात कुणाचं काय गेलं हे विचारायला तुमच्यातला एकही जण आजवर जिना चढून वर आला नाही.

मी भात्यांच्या खोलीतली घंटी बोलतेय. मुठीएवढी, पितळेची. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या या डोंगरगावच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या मागच्या भिंतीवर टांगलेली. मला बांधलेली तार भिंतीतून पलीकडे जाते. ऑर्गन वाजवणाऱ्याने ती ओढली की मी वाजते आणि इकडे भाते चालवणाऱ्याला कळतं, ऊठ, हवा दे. हवा नसेल तर ऑर्गनच्या एवढ्या नळ्या म्हणजे नुसती अडगळ. घाई करणं हा माझा जन्माचा धंदा, तेव्हा बोलण्यातही थोडी घाई होईल.

घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा करणाऱ्या एका कारागिराने मला ओतलं. आवाज गोड नको, टोचणारा हवा, असं त्याला सांगण्यात आलं होतं, कारण झोपलेल्याला उठवायचं होतं. आणि लोक झोपायचे. कँटाटा असली, म्हणजे बायबलातली वचनं आणि स्तोत्रं गुंफून गायक-वादकांनी उपासनेत सादर करायची मोठी रचना असली, की निम्मं गायन झाल्यावर पाळकांचं प्रवचन व्हायचं. भाते चालवणारे तेवढ्यात खाली जाऊन बिअर पिऊन यायचे, नाहीतर इथेच फळीवर आडवे व्हायचे. उरलेल्या गायनासाठी मी हाका मारायचे. पिढ्यानपिढ्या शिव्या खाल्ल्या मी. 'आली मेली बोंबलायला,' असं एक जण दर रविवारी म्हणायचा. म्हणायचा आणि उठायचा.

लोथार मेलहॉर्न या सगळ्यांत शेवटचा. आठवडाभर लाकडाच्या वखारीत राबायचा आणि रविवारी इथे यायचा. वरच्या दांड्याला धरून पायाने तुळई दाबायची, की मोठा भाता उचलला जातो. मग दुसरी, मग तिसरी. जिना चढत राहावं आणि पोचू मात्र कुठेच नये, असं ते काम. पुढे भात्यांसाठी विजेची मोटर आली तरी मृतांच्या रविवारी, गेलेल्यांच्या स्मरणाच्या उपासनेला, त्यालाच बोलवायचे. मोटर गुणगुणते, आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जात असताना ती गुणगुण कुणाला नको असायची.

त्या रविवारी गावचा गायनसंघ दरवर्षी एकच कँटाटा गायचा. लोथारची बायको रोसविता त्यात बायकांच्या खालच्या सुरात गायची. गॅलरीत सगळ्यांच्या मागे, आमच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून उभी असायची ती. शेवटच्या स्तोत्राच्या शेवटच्या कडव्याला बाकीची वाद्यं थांबायची. फक्त माणसांचे गळे आणि ऑर्गन. तेव्हा तिचा आवाज दाराच्या फळ्यांतून आत यायचा आणि लोथारची हवा नळ्यांतून बाहेर जायची. चर्चची देखभाल करणारी उर्सेल दोघांना चिडवायची, की तुमचा संसार दाराआडूनच बरा चालतो.

एका हिवाळ्यात रोसविता गेली. दवाखान्यात शेवटी ती त्याला म्हणाली होती, "ते कडवं आता कुणीही गाऊ दे. हवा मात्र तुझी असू दे." हे त्याने मला सांगितलं. माणसं घंटीशी बोलतात. तुम्हाला माहीत नसेल.

गायनसंघ आधीच मोडत आला होता, तो तिच्यामागे संपलाच. यापुढे मृतांच्या रविवारी कँटाटा होणार नाही, असं पाळकांनी जाहीर करून टाकलं. एका वाक्यात. मला आजही त्याचा राग येतो.

मग जूनमध्ये संगीत महोत्सव आला. मोठ्या शहरांतले गायक, जुन्या घडणीची वाद्यं, रेडिओचं ध्वनिमुद्रण, आणि निवडलेली कँटाटा नेमकी तीच. आमचाच ऑर्गन वाजणार होता, वाजवणार आमचाच हेनिंग. मोटरची गुणगुण मायक्रोफोनला चालणार नव्हती, म्हणून लोथारला निरोप गेला. पुढच्या वर्षी बिनआवाजाची नवी मोटर बसणार होती. म्हणजे रोसविताला दिलेला शब्द पाळायची ही एकच संधी, हे तो जाणून होता. दाढी करून आला होता.

गायनाचं संचालन विब्के नावाच्या तरुण बाईकडे होतं. ती वाईट नाही, हे मी कबूल करते. लोथारला बसायला तिने स्वतः उशी आणून दिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"श्रीयुत मेलहॉर्न, हिचा आवाज ध्वनिमुद्रणात येईल. त्याऐवजी इथे लाल दिवा लावतोय. तो लागला की सुरू करायचं."

"घंटी राहिली असती तर बरं होतं. सवय आहे हो मला."

"दिवा अगदी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दिसतो ना?"

लोथारने तिकडे तोंड केलं. "दिसतो की," म्हणाला.

त्याला दिसत नव्हता. त्याच्या नजरेच्या मधोमध बरेच दिवस धुकं साचलं होतं. कोट अडकवायची खुंटी तो हाताने चाचपून शोधायचा, ते मी इथून पाहत होते. उर्सेललाही त्याने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्या जागी तासाभरात कुणी विद्यार्थी येऊन उभा राहिला असता. कुणीतरी भांडी पुसायचं पिवळं फडकं आणून माझ्या लोलकाभोवती गच्च बांधलं.

तालमी नीट झाल्या. गायन अखंड चालायचं आणि ते सगळं लोथारच्या पायांत मुरलेलं होतं. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी विब्के वर आली आणि म्हणाली, शेवटच्या कडव्याआधी आपण शांत थांबू, ज्याने त्याने आपापली माणसं आठवावीत. तेवढ्यात भाते नकोत, तुळया करकरतात. दिवा लागला की लगेच द्या. लोथारने मान हलवली.

ती शांतता आली. खालचं गच्च भरलेलं चर्च श्वास धरून बसलं. आमचे भाते जुने, जागोजागी गळणारे. ते हळूहळू बसत गेले. लोथार तुळईवर पाय ठेवून, दिवा जिथे असेल असं त्याला वाटत होतं तिकडे तोंड करून उभा होता. दिवा लागला. त्याचा लाल उजेड त्याच्या गालावर पडलेला मी पाहिला. तो वाट पाहत राहिला.

हवा येत नाही म्हटल्यावर हेनिंगने जुन्या सवयीने माझी तार ओढली. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी लोलक आपटला. उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज झाला. आणि पलीकडे कडवं ऑर्गनशिवायच सुरू झालं.

लोथारला कळलं. तोवर पाय अर्धा दाबला गेला होता. पूर्ण दाबला असता तर नळ्या मधूनच रडक्या सुरात उठल्या असत्या आणि कडवं नासलं असतं. सोडला असता तर तुळई करकरली असती. तो तसाच राहिला, एका पायावर, दांड्याला लटकून, कडवं संपेपर्यंत. फळ्यांतून परक्या बायकांचे आवाज आत येत होते. फार सुंदर होते. हवा कुणाचीच नव्हती.

आता नवी मोटर बसली आहे. ती बोलत नाही, झोपत नाही, शिव्या देत नाही. लोथार इथे येत नाही. माझी तार अजून आहे, फडकंही आहे. त्याची गाठ सोडायचं कुणाला सुचलं नाही. ते ध्वनिमुद्रण रेडिओवर लागतं म्हणे, आणि जुनं संगीत जसंच्या तसं ऐकवल्याबद्दल तुमचं कौतुक होतं. माझं मागणं एवढंच आहे: जुनं जसंच्या तसं हवं असेल, तर त्यातल्या माणसालाही विचारा. तो 'हो' म्हणाला, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा एकदा विचारा. आणि कुणी वर आलंच, तर ते फडकं सोडा.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. टाळ्या थांबल्यावर उर्सेल पावात घातलेलं गरम सॉसेज घेऊन जिना चढून आली. लोथार दांड्याला धरूनच होता. डोळे पुसत पुसत तिने ते त्याच्या हातात दिलं.

"शेवटी ऑर्गन गप्प ठेवायचं कुणी सुचवलं रे, लोथार? अख्खं चर्च रडत होतं. बरं झालं बाई, तेवढीच तुझ्या पायांना विश्रांती."