बोल्टूची सात घरं

रात्रपाळी करणाऱ्याचा दिवस पडद्याआड जातो. चाकणहून कंपनीची बस मला सकाळी साडेसातला चऱ्होलीत सोडते, तेव्हा लोक डबे भरत असतात आणि मी अंथरुणात शिरतो. झोपमोड झाली की माझ्याइतका खवट माणूस सापडायचा नाही. म्हणून आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला जाड काळे पडदे आहेत, खिडक्यांना दुहेरी काचा आहेत. माझी बायको नीलिमा दुपारी शाळेतून शिकवून आली की कुकरसुद्धा लावत नाही.

त्या शांततेत मी बोल्टूला, मांजराच्या पिल्लाला, आणलं. आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या धडधडत्या मशीनमागच्या रिकाम्या क्रेटमध्ये तो जन्मला. दीड महिन्याचा झाला आणि त्याची आई एकाएकी दिसेनाशी झाली. मग डब्याच्या पिशवीत घालून त्याला घरी घेऊन आलो.

दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. कपाटाखाली बसून नुसता कान टवकारायचा. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर दाखल करावं लागेल. एवढासा जीव उपाशी फार तग धरत नाही. साठ माणसांवर ओरडणारा सुपरवायझर मी, फरशीवर पालथा पडून त्याला वाटी दाखवत होतो, विनवत होतो. तेही कुजबुजत.

तळमजल्यावरच्या छबूबाई मेथीची जुडी द्यायला आल्या, त्यांनी हे पाहिलं. आमची सोसायटी त्यांच्याच रानात उभी आहे. "मांजरी पिल्लाला सात घरं दावती," त्या म्हणाल्या. "याची आई न्हाई, मग आपुन दावायची. त्याबिगर त्ये रुळायचं न्हाई."

एरवी मी वाद घातला असता. पण दुपारचे तीन वाजले होते, डोळ्यांवर झोप होती आणि दुसरा उपाय सुचत नव्हता. पुढे छबूबाई, मागे टॉवेलात बोल्टूला घेऊन मी, माझ्यामागे वाटी घेऊन नीलिमा, अशी आमची वरात निघाली.

छबूबाईंना फ्लॅटचे नंबर येत नाहीत; रानात त्या जागी विहीर होती की चाळ, त्यावरून त्या घर ओळखतात. पहिल्या दारापाशी त्यांनी "ही हीर" म्हणत बेल दाबली. दुसरं घर कांद्याच्या चाळीचं, तिसरं जांभळीखालचं. दारं उघडत होती, कुणीतरी बोल्टूच्या डोक्यावरून बोट फिरवत होतं, दारं मिटत होती. अर्धवट झोपेत मला पायाखाली फरशीऐवजी ऊन खाल्लेली माती लागायला लागली. जांभळीच्या घरात तर मी सावलीत थोडा रेंगाळलोसुद्धा. लिफ्टने सहाव्या घरी, अगदी वरच्या मजल्यावर गेलो, तेव्हा छबूबाई जरा थबकल्या. "हितं काय नव्हतं," त्या म्हणाल्या. "घारी फिरायच्या." आम्ही घारींच्या उंचीवर उभे होतो आणि मला अजिबात नवल वाटलं नाही. बोल्टूने मात्र सहाही घरांत वाटीकडे पाहिलं नाही.

सातवं घर स्वरूपाताईंचं. त्या ब्लाउज शिवतात. मोटरवरचं शिलाई मशीन चालूच होतं. आम्ही आत शिरलो आणि बोल्टूने टॉवेलातून मान बाहेर काढली. मी त्याला खाली ठेवलं. तो सरळ मशीनच्या पायाशी जाऊन बसला. नीलिमाने वाटी पुढे सरकवली आणि तो खायला लागला, अगदी अधाशासारखा.

"झाली सात," छबूबाई समाधानाने म्हणाल्या.

आमचं पिल्लू पाहायला स्वरूपाताईंनी मशीन थांबवलं. बोल्टूही थांबला, कान टवकारून बसला. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं, त्याने पुन्हा वाटीत तोंड घातलं. माझी झोप खाडकन उतरली. जन्मल्यापासून ज्याने क्षणभर शांतता ऐकली नव्हती, त्याला मी बंद पेटीत नेऊन ठेवलं होतं. तो भेदरला होता.

छबूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांच्या सात घरांनीच तर आम्हाला तिथवर आणलं होतं.

घरी आल्यावर मी पडदे बाजूला सारले, काचा उघडल्या. शेजारच्या बांधकामावरचा मिक्सर घरात घरघरायला लागला. मी आडवा झालो. बोल्टूने उरलेली वाटी चाटूनपुसून साफ केली आणि माझ्या पोटावर येऊन झोपला. वाचला एकदाचा, म्हणून मला भरून आलं.

नीलिमा दारात उभी होती. सवयीने कुजबुजत तिने विचारलं, "मग आता मीही मोठ्याने बोलले तर चालेल?"

मी चटकन मान डोलावली, पण तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. तिने कुकर लावला, फोनवर बहिणीला हाक मारली आणि कशाला तरी खळखळून हसली. अकरा वर्षांच्या संसारात भर दुपारी ते हसू मी पहिल्यांदा ऐकत होतो. बोल्टू गाढ झोपला होता. मला झोप येईना.